तारुण्यातली क्रीमे, उतारवयातली त्वचा

वाचकहो, हा अंक हातात असतानाच एक साधी गोष्ट करून पाहा. बाही वर सरकवा आणि दंडाची आतली बाजू, काखेच्या थोडी खाली, उजेडात नीट न्याहाळा. मग तोच हात उपडा करून पंजाची वरची बाजू पाहा. दंडाची आतली त्वचा बहुधा मऊ, एका रंगाची आणि बारीक पोताची दिसेल. पंजावर मात्र सुरकुत्यांचे जाळे असेल, तपकिरी ठिपके असतील आणि पातळ त्वचेखालून शिरा स्पष्ट दिसत असतील. दोन्ही ठिकाणच्या त्वचेचे वय एकच आहे. फरक आहे तो उन्हाचा, साबणाचा आणि आयुष्यभर त्या त्वचेवर आपण जे जे चोळले त्याचा.

‘आता वय झाले’ हे आपले नेहमीचे उत्तर म्हणूनच अर्धे खरे असते. वयाने त्वचा कोरडी होते, तिच्यातील तेलग्रंथी मंदावतात. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतच त्वचेतील कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटते. हे निसर्गाचे काम झाले. उरलेले बरेचसे काम विशी-तिशीतल्या समजुतींचे असते, आणि त्या समजुती सत्तरीतही मोरीतल्या फळीवर आणि कपाटाच्या खणात ठाण मांडून बसलेल्या असतात. त्यातल्या काही आजही थांबवता येतात. या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे. कोणाच्या तारुण्यातील हौसेला नावे ठेवण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

प्रथम उन्हाविषयी. एका ख्यातनाम अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने २०१२ मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. त्याने २८ वर्षे ट्रक चालवला होता. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. त्यामुळे खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू उन्हात राहिली. त्या छायाचित्रात चेहऱ्याची उजवी बाजू एका माणसाची आणि डावी बाजू त्याच्याहून कितीतरी वृद्ध माणसाची वाटते. खिडकीची काच त्याला वाचवू शकली नाही. साधी काच त्वचा भाजणारे अतिनील-ब किरण बहुतांशी अडवते. त्वचेच्या आतवर जाऊन तिचे धागे सैल करणारे अतिनील-अ किरण मात्र काचेतून आत येतात.

हे सांगायचे कारण असे की आपल्याकडे आजी-आजोबांची खुर्ची नेमकी खिडकीशी असते. वर्तमानपत्र वाचायला उजेड तेथेच मिळतो, रस्त्यावरची हालचाल तेथूनच दिसते. खुर्ची हलवू नका. मन रमण्याची ती जागा आहे. दुपारच्या वेळी एक पातळ पडदा ओढला तरी पुरे. बाहेर पडताना छत्री, लांब बाह्या आणि रुंद काठाची टोपी ही साधने कोणत्याही बाटलीइतकीच उपयोगी आहेत आणि ती घामाने वाहून जात नाहीत. ‘या वयात सनस्क्रीन कशाला?’ असे अनेकांना वाटते. पण उन्हाने होणारी हानी रोज थोडी थोडी साचत जाते. ती सत्तराव्या वर्षी रोखली तरी पुढच्या दहा-पंधरा वर्षांची भर टळते. जाता जाता आणखी एक: कोवळ्या उन्हात बसले की ड जीवनसत्त्व मिळते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ते त्वचेत तयार करणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फारच थोडे असतात. सकाळी जरूर बसावे, मन प्रसन्न होते; हाडांसाठी मात्र रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा अधिक भरवशाची.

परंतु आपल्या समाजात उन्हापेक्षा अधिक नुकसान केले ते उन्हाच्या भीतीने, म्हणजे काळे पडण्याच्या भीतीने. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांच्या पिढीने विवाहविषयक जाहिरातींतील ‘गोरी’ हा शब्द सोसला आहे. ‘उजळ’, ‘निमगोरी’, ‘गहूवर्णी’, ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’ अशी बारीक प्रतवारी आपल्या भाषेने केली, आणि त्यातल्या त्या ‘पण’ने किती मुलींच्या गालांवर काय काय चोळायला लावले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मुंबईत तयार होणारा ‘अफगाण स्नो’ अनेकींच्या आईच्या आरशापुढे असे. तो तुलनेने निरुपद्रवी. साय, हळद, डाळीचे पीठ यांनीही कोणाचे फारसे बिघडले नाही. लिंबाने मात्र बिघडवले. लिंबाचा रस लावून उन्हात गेले की रसातील काही द्रव्ये आणि अतिनील किरण मिळून त्वचा पोळते आणि तेथे काळे डाग उरतात. गोरे होण्यासाठी केलेला उपाय काळे डाग देऊन जातो, तो असा.

खरे संकट आले ते औषधाच्या ट्यूबमधून. १९७५ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने तीन द्रव्यांचे एक मिश्रण मांडले: रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन, त्वचेची कात लवकर टाकायला लावणारे ट्रेटिनॉइन आणि दाह शमवणारे स्टिरॉइड. वांगाच्या डागांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे लावण्याचे हे औषध. आपल्याकडे याच घराण्यातील क्रीमे किराणा आणल्यासारखी दुकानातून आणली गेली आणि वर्षानुवर्षे लावली गेली. शेजारणीने सांगितले, पार्लरमध्ये दिले, नणंदेला गुण आला, एवढी शिफारस पुरे झाली. गुण येतोही. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात, त्वचा तुकतुकीत होते. म्हणूनच ते सोडवत नाही.

पुढची कथा हळूहळू उलगडते. त्वचा पातळ होते, गालांवर लाल केशवाहिन्यांची जाळी दिसू लागते, मुरमे येतात, हनुवटीवर आणि कल्ल्यांवर लव वाढते. डोळ्यांभोवती दीर्घकाळ लावले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. आणि क्रीम थांबवले की चेहरा पेटतो: लाल होतो, आग होते, सूज येते. ते पुन्हा लावले की शांत होतो. मग माणूस असा समज करून घेतो की आपल्या त्वचेला हे क्रीम ‘लागतेच’. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असे स्वतंत्र नावच दिले आहे. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावल्याने काही जणांच्या गालांवर निळसर काळी झाक उमटते. ती पुसता पुसली जात नाही.

शासनाने २०१८ मध्ये चौदा प्रकारची स्टिरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला. नियमाआधी घरात आलेली सवय नियमाने जात नाही. आपल्या घरातील आई, सासू किंवा मावशी गेली वीस-पंचवीस वर्षे एकच ट्यूब वापरत असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरे आपण वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव आढळले तर ते स्टिरॉइड आहे असे समजावे. ट्यूब कचऱ्यात टाकून मोकळे होऊ नका. एकदम थांबवल्याने चेहऱ्याची जी आग होते ती वृद्ध माणसाला असह्य होते आणि त्याच संध्याकाळी नवी ट्यूब आणली जाते. त्वचारोगतज्ज्ञ तिची ताकद आणि वापर टप्प्याटप्प्याने कमी करून देतात, मधल्या काळासाठी दुसरी औषधे देतात. काही महिने लागतात. आणि हो, रागावू नका. ‘या वयात कशाला नटायचे?’ हा प्रश्न तर कृपा करून विचारूच नका. सत्तरीच्या स्त्रीला आपला चेहरा चांगला दिसावा असे वाटते यात चुकीचे काहीही नाही. चुकीची आहे ती ट्यूब.

हीच ट्यूब पुरुषांच्या वाट्याला वेगळ्या वाटेने येते. जांघेत गजकर्ण झाले, खाज सुटली, दुकानदाराने एक मलम दिले. त्यात बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि जोडीला कडक स्टिरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते, कारण स्टिरॉइड दाह दाबते. बुरशी मात्र त्या आडोशाला पसरत राहते. कडा पुसट होतात, डाग मांडीपर्यंत उतरतो आणि पाहणाऱ्या डॉक्टरांनाही तो चटकन ओळखू येत नाही. वर्षानुवर्षे स्टिरॉइड लावलेल्या भागाची त्वचा इतकी नाजूक होते की ताणल्याच्या रेघा कायमच्या उमटतात. मधुमेही वृद्धांच्या बाबतीत तर हे प्रकरण अधिकच चिवट.

पाऱ्याविषयी थोडे, पण गंभीरपणे. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून तो गोरेपणाच्या क्रीमांत घातला जातो. तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण पाहिले. त्यांच्या लघवीतून प्रथिने जात होती, आणि त्यांच्यातील अनेकांच्या बाबतीत धागा अशा क्रीमांपर्यंत पोहोचला. आपल्या देशातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार पारा मुद्दाम घालता येत नाही. डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत नकळत राहिलेला अंश दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाही. तरीही उत्पादकाचे नाव, घटकांची यादी किंवा तारीख नसलेल्या डब्या हातोहात विकल्या जातात. ज्या डबीवर ती कोणी केली हेच लिहिलेले नाही, ती घरात ठेवू नये. नात अशी डबी वापरत असेल तर तिला हे सांगण्याचे काम आजीइतके प्रभावीपणे कोणी करू शकणार नाही.

आता कपाळाकडे येऊ. जुन्या बायका आधी मेण लावीत आणि त्यावर कुंकवाचे बोट टेकवीत. हळदीला चुन्याचा संस्कार देऊन केलेल्या कुंकवाने सहसा त्रास होत नसे. बाजारातील कृत्रिम रंगाच्या कुंकवाने मात्र काहींच्या कपाळावर खाजरा काळा डाग पडू लागला. मग आली चिकटवायची टिकली: सोयीची, सुबक, न फिसकटणारी. तिच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाचे एक रसायन असू शकते, आणि ते त्वचेतील रंग तयार करणाऱ्या पेशींना मारक ठरते. वर्षानुवर्षे एकाच जागी टिकली लावणाऱ्या काही स्त्रियांच्या कपाळावर नेमक्या टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उमटतो, तो यामुळे.

पुढे जे घडते ते वैद्यकशास्त्रापेक्षा समाजशास्त्राचे आहे. डाग दिसताच मनात पहिला शब्द येतो ‘कोड’. घरात कोणाला सांगायचे नाही, नातीचे लग्न व्हायचे आहे. मग तो डाग झाकायला मोठी टिकली येते. तिचा गोंद मोठ्या जागेवर लागतो, डाग वाढतो आणि टिकली आणखी मोठी होते. कितीतरी आज्यांच्या कपाळावरची ठसठशीत टिकली ही आवड नसून असा लपवलेला डाग असतो. कोड असो वा गोंदामुळे गेलेला रंग असो, दोन्हीही स्पर्शाने पसरत नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. गोंदाचा डाग लवकर ओळखून टिकली बंद केली आणि उपचार घेतले तर रंग पुष्कळदा अंशतः परत येतो. जितका उशीर, तितकी आशा कमी. रात्री टिकली काढून ठेवणे आणि रोज जागा थोडी बदलणे एवढ्याने संपर्क कमी होतो, पण डाग दिसू लागल्यावर गोंदाची टिकली पूर्ण बंदच करावी. असाच रंग जाण्याचा प्रकार रबरी चपलांच्या पट्ट्यांखालीही होतो. पायांवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा पांढरा पट्टा दिसला तर आधी चपला बदला.

पतीच्या निधनानंतरही टिकली लावणाऱ्या स्त्रियांची संख्या आपल्याकडे वाढते आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांनाही हीच काळजी लागू आहे.

कंबरेविषयी लिहिताना मराठी वाचकांना एक नाव सांगितले पाहिजे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात काम केलेले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९४५ मध्ये भारतीय चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर निबंध लिहिला. तंबाखू आणि चुन्याबरोबर त्यात धोतराचाही विचार होता: कंबरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या वस्त्राच्या जागी उद्भवणारा त्वचेचा कर्करोग. पुढे साडीच्या बाबतीतही तेच आढळले. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघीही सत्तरीच्या आसपासच्या. त्यांतील एकीने सुमारे चाळीस वर्षे कंबरेला घट्ट कसून लुगडे नेसले होते. दोघींच्याही कुशीवर दीर्घकाळ न भरणारी जखम होती.

घाबरून जाऊ नका. परकराची किंवा पायजम्याची नाडी घट्ट बांधणाऱ्या लक्षावधी माणसांच्या कंबरेवर काळा पट्टा असतो आणि तो तेवढ्यावरच राहतो. असा कर्करोग विरळा आहे. पण त्या पट्ट्यात खपली धरणारी, पाणी येणारी, महिनाभरात न भरणारी जखम असेल तर तिच्यावर हळद दाबत बसू नये. वृद्ध स्त्रिया ही जागा कोणाला दाखवत नाहीत. लाजेने दोन-दोन वर्षे जातात. नाडीऐवजी रुंद पट्टा, किंवा सैल इलॅस्टिक, निदान नाडीची गाठ रोज वेगळ्या जागी आणि घरात असताना गाऊन, एवढा बदल सहज होण्याजोगा आहे. ‘सैल बांधले की साडी सुटते’ हे उत्तर येईल. त्यावर रुंद पट्ट्याचा परकर शिवून आणून देणे हाच प्रतिवाद.

केसांच्या रंगाचे थोडक्यात. काळ्या रंगातील मुख्य द्रव्य म्हणजे पॅराफेनिलिनडायअमाइन. चाळिशीपासून वीस वर्षे निर्वेध वापरलेला रंगही एखाद्या दिवशी अचानक बाधू शकतो; ‘मला कधीच काही झाले नाही’ ही हमी येथे चालत नाही. कानांच्या मागे, मानेवर, पापण्यांवर खाज आणि सूज येते. काहींच्या कपाळावर व गालांवर हळूहळू करडा-काळा रंग चढत जातो आणि तो उन्हामुळे आहे असे समजून वर आणखी काही चोळले जाते. प्रत्येक वेळी रंग लावण्याआधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी, असे खोक्यावरच लिहिलेले असते; ते वाचण्यासाठी चष्मा लावावा. शुद्ध मेंदी केशरी-तांबडा रंग देते. जी ‘मेंदी’ तासाभरात काळेभोर केस करते तिच्यात बहुधा तेच रसायन मिसळलेले असते. पांढरे केस तसेच ठेवणे हा पर्याय मला व्यक्तिशः देखणा वाटतो, पण हा ज्याच्या त्याच्या आरशाचा प्रश्न आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची जागा मोरी. आपल्या पिढ्यांना स्वच्छता म्हणजे फेस, कढत पाणी आणि खरखरीत घासणी असे शिकवले गेले. घाम गाळणाऱ्या तरुण शरीराला ते सोसले. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, साध्या साबणाचा ९ ते १०. तरुण त्वचा हा धक्का काही तासांत भरून काढते, म्हाताऱ्या त्वचेला तो दिवसभर निस्तरता येत नाही. मग नडग्यांवर कोरड्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा पडतात, रात्री खाज सुटते, झोप उडते, आणि सकाळी ‘खाज येते म्हणून’ आणखी जोरात साबण लावला जातो. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी औषध लागत नाही. कोमट पाणी, दहा मिनिटांच्या आत आटोपलेले स्नान, साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. बाकी अंगाला पाणी पुरते. वजरीने टाचा घासण्याची सवय मधुमेह असलेल्यांनी सोडावी. बधिर पायाला जखम कळत नाही.

अंग टिपून, म्हणजे न घासता, किंचित ओलसर असतानाच स्निग्ध पदार्थ लावावा. वाग्भटाने रोजच्या अभ्यंगाची शिफारस केली आहे आणि डोके, कान व पाय यांना विशेष सांगितले आहे. आपल्या दिवाळीच्या पहाटेला उरलेली ती रोजची चाल होती. साधे खोबरेल या कामाला पुरेसे चांगले आहे: कोरड्या त्वचेवर त्याची मिनरल ऑइलशी तुलना करणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. पेट्रोलियम जेली त्याहूनही दाट आवरण देते. भेगा खोल असतील तर युरियायुक्त क्रीम डॉक्टर सुचवतात. सुगंधी आणि महाग असण्याची काहीच गरज नाही.

मात्र दोन सावधगिरीच्या गोष्टी. तेल स्नानाआधी तळव्यांना लावून वृद्ध माणसाला मोरीच्या फरशीवर चालवू नका. खुब्याचे मोडलेले हाड कोरड्या त्वचेपेक्षा कैक पटींनी महाग पडते. स्नानानंतर, पलंगावर बसवून, तेल लावा आणि मोजे चढवून मगच उभे करा. दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते: तेलकट मलमे रोज लावली की ती कपड्यांत आणि चादरीत मुरतात, धुऊनही पूर्ण निघत नाहीत, आणि असे कापड ठिणगीने झपाट्याने पेटते. समईपाशी, गॅसपाशी किंवा बिडी ओढताना हे लक्षात असू द्या. ज्यांना नळीने प्राणवायू लावलेला आहे त्यांच्या नाकाला पेट्रोलियम जेली लावू नये.

खाज तेल लावूनही दोन-तीन आठवड्यांत कमी झाली नाही तर तिला कोरडेपणाच्या खात्यावर टाकू नका. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, लोहाची कमतरता, एखादे नवे औषध अशी अनेक कारणे असतात. बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज, आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही तीच, तर खरूज. तिचा उपचार सगळ्या घराने एकाच दिवशी घ्यावा लागतो. हातांवर आपोआप उठणारे जांभळे चट्टे बहुधा उन्हाने आणि स्टिरॉइडने पातळ झालेल्या त्वचेचे असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते वाढतात. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना चट्टे दाखवावेत. तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग आढळला तर तो विनाविलंब दाखवावा. आपल्या वर्णाच्या लोकांत मेलानोमा हा घातक कर्करोग बहुधा या जागा निवडतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ हा शेवटचा विषय. एकेकाळी रुग्णालयांत पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर लावत. ते पाहून आलेल्या घरांत आजही तसेच करतात. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, आणि हाडावरच्या लाल भागाला चोळल्याने आतली इजा वाढते. ही पद्धत परिचर्याशास्त्राने सोडून दिली आहे. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कानांच्या पाळ्या रोज पाहाव्यात. लालसर जागेवर बोट दाबून उचलले असता ती क्षणभर फिकी झाली नाही तर शय्याव्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही; तेथे हाताला लागणारी ऊब, घट्टपणा किंवा जांभळट झाक हीच खूण. अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, टाचा उशीने अधांतरी ठेवाव्यात, ओले कापड लगेच बदलावे. हे काम रात्रीही करावे लागते आणि ते एका माणसाच्या अंगावर टाकणे अन्यायाचे आहे. घरात पाळ्या लावा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक कापडी पिशवी घ्या. घरातील सगळ्या ट्यूबा, मलमाच्या डब्या, केसांच्या रंगाचे खोके, टिकल्यांचे पाकीट, अर्धवट संपलेले आणि पिळून चपटे झालेलेही, तिच्यात भरा. उशीखाली असलेले विचारून घ्या. तेथे एखादी ट्यूब बहुधा असतेच.